हिरव्या गाडीतलं मिस्त्रींचं काम

जुन्या गाड्यांचे शौकीन त्या गावात फार नव्हते, पण जे होते ते गाडी घेण्याआधी एकदा टर्नरबाईच्या दुकानाची पायरी चढत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन लेथ, एक ड्रिल, खिडकीखाली बाक, आणि जमिनीवर कितीही झाडला तरी चपलेत रुतून बसणारा लोखंडाचा कीस. मोडलेला शाफ्ट, झिजलेलं बुश, बाजारात मिळायची कधीच बंद झालेली एखादी पिन, काहीही आणून बाकावर ठेवलं की बाई ते बोटांत फिरवून बघायची आणि म्हणायची, "गुरुवारी या." गुरुवारी ते तयार असायचं. लेथवर काम करणारी म्हणून टर्नरबाई; तिचं खरं नाव पावतीवर छापलेलं होतं, पण तिथवर कोणाची नजर जात नसे.

लोक तिला मानत ते हातासाठी, आणि त्याहून जास्त तोंडासाठी. गाडी घ्यावी का, घेतली तर आपल्याच्याने सांभाळली जाईल का, हे विचारायला माणूस आला की ती त्याच्याबरोबर जायची, गाडीखाली आडवी व्हायची, टोचा आणि लोहचुंबक घेऊन अर्धा-पाऊण तास आत असायची, आणि बाहेर आली की तीन वाक्यांत सांगायची: काय गेलंय, काय जाणार आहे, आणि तुम्ही यात पडावं की नाही. गोड बोलणं तिला जमत नसे. ती 'घ्या' म्हणाली की लोक डोळे मिटून घेत, 'नको' म्हणाली की हळहळत का होईना, नाद सोडत. सव्वीस वर्षं ती हे करत होती आणि लोखंडाबद्दल एकदाही खोटं बोलली नव्हती.

तर एके दिवशी सकाळी चष्म्याच्या दुकानाचा मालक तिच्याकडे आला. पन्नाशीचा, टापटीप, हळू बोलणारा माणूस. मुलीचं शिक्षण संपलं, आता एकच हौस राहिलीय, म्हणाला, आणि फोन पुढे केला. फोटोत एक दोन माणसांची स्पोर्ट्स कार होती. लांब नाक, दुमडणारं कापडी छत, तारांची चाकं. रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा. पंचावन्न वर्षांची गाडी, एकाच मालकाची, आणि सगळी अस्सल, असं मालक सांगत होते.

"घ्यावी का?" चष्मेवाल्याने विचारलं.

बाईने फोन हातात घेतला. डाव्या दिव्याच्या वरचा पत्रा जरा चपटा होता. तो चपटेपणा तिला पाठ होता. वडील त्या पत्र्यावर हातोडी मारत होते तेव्हा तो धरायला ती स्वतः उभी होती, वय वर्षं अकरा.

"कधी जायचं बघायला?" तिने विचारलं.

*

ती गाडी रंगाच्या कारखान्याच्या मालकांची. सगळं गाव त्यांना साहेब म्हणायचं. टर्नरबाईचे वडील अठरा वर्षं त्या गाडीचे मिस्त्री होते. तशा त्यांच्या हाताखालून पुष्कळ गाड्या गेल्या, पण हिरवी म्हटली की ते जेवणावरून उठून जात. गाडी परदेशी, तिचे सुटे भाग मागवायचे तर वर्ष-दीड वर्षं लागणार आणि पैसे भरमसाट. साहेबांना दोन्ही नको होतं. "मिस्त्री, तुम्हीच काहीतरी करा," असं ते म्हणायचे, आणि मिस्त्री करायचे. पाण्याच्या पंपाचा शाफ्ट गेला, त्यांनी बनवला. कार्बोरेटरची बुशं, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या, सैल झाली, पितळेची नवी बसवली. तिसऱ्या गिअरचे दात उडाले, तेव्हा एक अख्खा महिना कानशीने आणि कटरने दात पाडत बसले आणि तो गिअर असा काही बसला, की साहेब स्वतः बंगल्याबाहेर येऊन ऐकून गेले. प्रत्येक भागाच्या दडलेल्या बाजूला मिस्त्री पंचने तीन टिंबं मारायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग एकदा बाहेरगावचा एक मोठा संग्राहक गाडी घ्यायला आला. साहेबांनी त्याला सगळं अस्सल म्हणून सांगितलं होतं. त्या माणसाने स्वतःचा कारागीर आणला होता, त्याने दोन-चार ठिकाणी उघडून बघितलं आणि टिंबं सापडली. बंगल्याच्या अंगणात तेव्हा कारखान्याची माणसं होती, साहेबांचे ड्रायव्हर होते, गॅरेजच्या गल्लीतले निम्मे कारागीर खास गाडी बघायला आले होते. आपण खोटे पडलो हे साहेबांना सहन झालं नाही. त्यांनी मिस्त्रींकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, या माणसाने माझे अस्सल भाग चोरून विकले आणि त्या जागी हे डबडं बसवलं.

मिस्त्री एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्हाला माहीत आहे."

त्यापुढे ते कधी काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत त्यांना कोणी काम देईना. चोर मिस्त्रीच्या हातात गाडी कोण देणार? शेवटी ते बाजाराच्या कोपऱ्यावर एक स्टूल आणि एक पेटी घेऊन बसायला लागले. कुलपं, स्टोव्ह, सायकलचे पंप. मुलगी तेव्हा सतरा वर्षांची. शाळा सोडून ती एका कारखान्यात लेथवर उमेदवारी करायला लागली.

साहेबांचा सौदा तर फिसकटला, पण गाडी राहिली, आणि दर रविवारी ते ती घेऊन बाजारावरून जायचे. चोराच्या पंपावर, चोराच्या बुशांवर, चोराने घासलेल्या तिसऱ्या गिअरमध्ये. मिस्त्री स्टुलावर बसल्या बसल्या मान जरा तिरकी करायचे आणि आवाज नाहीसा होईपर्यंत ऐकायचे. "इंजिनाचं टायमिंग पुढे गेलंय," असं एकदा म्हणाले. डबा द्यायला आलेल्या मुलीने ते ऐकलं. वडिलांनी शिव्या दिल्या असत्या, दगड मारला असता, तर तिने कदाचित सोडून दिलं असतं. त्यांनी टायमिंग सांगितलं, म्हणून तिने सोडलं नाही.

नऊ वर्षांनी ते गेले. साहेबांच्या घरून कोणी आलं नाही.

*

चष्मेवाल्याबरोबर ती बंगल्यावर गेली तेव्हा साहेब ऐंशीला पोचले होते. हातात काठी, अंगात लोकरी जाकीट, आवाज मात्र तसाच, समोरच्याला उभं ठेवणारा. तिला त्यांनी ओळखलं नाही. ओळखणार तरी कसं, मिस्त्रींना पोरंबाळं आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. बंगला विकला होता, महिन्या-दीड महिन्यात ते मुलीच्या फ्लॅटवर राहायला जाणार होते, आणि तिथे गाडी ठेवायला जागा नव्हती.

"बघा, बाई, हवं तेवढं बघा," साहेब म्हणाले. "एक स्क्रूसुद्धा बाहेरचा नाही."

बाई खाली आडवी झाली. सहा वर्षं गाडी जागची हलली नव्हती. दाराखालच्या पट्ट्या कुजल्या होत्या, टोचा लावला तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा पत्रा निघून आला. मागच्या चाकावरच्या पत्र्याला चुंबक चिकटेना, म्हणजे आत सगळी पुट्टी. ब्रेकचे पाइप संपलेले. हे सगळं व्हायचंच. पण चेसिस, गाडीची खालची लोखंडी चौकट, शाबूत होती. डाव्या बाजूला एक जुना वेल्डिंगचा व्रण होता, तोही वडिलांच्याच हातचा, आणि इतका साफ, की तिने त्यावरून दोनदा अंगठा फिरवला. मग बॉनेट उघडून ती आरसा आत घालून बघायला लागली. पंपाच्या मागे तीन टिंबं. कार्बोरेटरच्या पोटात तीन टिंबं. एकोणतीस वर्षं झाली होती आणि बुशात केसाएवढीही ढिलाई नव्हती.

ती बाहेर आली, हात पुसले. चष्मेवाला डोळ्यांत प्राण आणून तिच्याकडे बघत होता. खरं सांगायचं असतं तर ती म्हणाली असती, पत्र्याचं काम बरंच आहे, पण हाडं भक्कम आहेत, इंजिन गुणी आहे, तुम्ही सावकाश करणार असाल तर घ्या. हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं.

"चेसिसला तडा आहे," ती म्हणाली. "वरून वेल्डिंग मारून झाकलाय. कधी दोन तुकडे होतील सांगता येत नाही."

साहेब भडकले. असं कसं म्हणता, कोण तुम्ही, वगैरे. तिने टॉर्च त्यांच्यापुढे धरली, खाली वाकून बघा म्हणाली. ऐंशी वर्षांचा माणूस काय वाकणार. चष्मेवाल्याने वाकून बघितलं, त्याला व्रण दिसला, आणि बाईने सांगितलेला तडाही दिसला. परत आल्यावर तो तिचे आभार मानून गेला.

त्यानंतर आणखी दोघं-तिघं गाडी बघायला गेले, पण बाईला काही करावं लागलं नाही. तडा सगळीकडे पोचला होता. येणारा माणूस आधी चेसिसचंच विचारायचा आणि वेल्डिंग बघून काढता पाय घ्यायचा. बंगला रिकामा करायची तारीख जवळ आली तसे साहेब घायकुतीला आले, आणि एक दिवस त्यांच्या ड्रायव्हरने निरोप आणला: बाईंना स्वतःला घ्यायची आहे का?

"भंगाराच्या वजनाने घेईन," तिने सांगून पाठवलं.

दुसरा माणूस असता तर त्याने दार लावून घेतलं असतं. साहेबांनी दोन दिवस वाट बघितली आणि दिली. कागदांवर तिने सही केली तेव्हा ती मुद्दाम थांबली, लग्नानंतरही तिने ठेवलेलं वडिलांचं आडनाव त्यांना वाचता यावं म्हणून. साहेबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि कागद घडी करून ठेवला. मिस्त्रींना आडनाव होतं, हेच त्यांना कधी माहीत नव्हतं.

*

तिचा नवरा शाळेतल्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. काचेच्या नळ्या आणि दुसऱ्यांची मुलं सांभाळण्यात आयुष्य गेल्यामुळे त्याचा आवाज कधी चढत नसे. गाडी दुकानात आली तेव्हा तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला.

"हिला ठेवणार आहेस?"

"बघते."

"ठेवायची असेल तर माझी ना नाही," तो म्हणाला. "पण मग हौस म्हणून ठेव. रोज हिच्याकडे बघून दात खाणार असशील, तर दातांचा खर्च गाडीपेक्षा जास्त येईल."

ती हसली नाही. खरं म्हणजे तिचं तिलाच कळत नव्हतं. पहिल्यांदा तिच्या मनात होतं, गॅस कटर घ्यायचा आणि बंगल्याच्या फाटकासमोर रस्त्यावरच गाडीचे तुकडे पाडायचे. मग वाटलं, नाही, उलट हिला नवी कोरी करायची आणि तो म्हातारा ज्या फ्लॅटवर जाईल त्याच्या खिडकीखालून दर रविवारी न्यायची. तिने मनातल्या मनात हिशेब मांडला: पत्र्याचं काम सहा महिने, ब्रेक, वायरिंग, छत, आणि मग जन्मभर दर आठवड्याला काही ना काही. असली गाडी सांभाळायची म्हणजे घरात एक आजारी माणूस सांभाळण्यासारखं आहे, हे ती सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत आली होती. म्हाताऱ्याचं किती आयुष्य उरलंय? आणि तो गेल्यावर खिडकीखालून कोणाला दाखवायची?

ब्रेकचे पाइप बदलून आणि टाकी धुऊन तिने एका दुपारी इंजिन चालू केलं. आठव्या झटक्याला ते धरलं. नवऱ्याला शेजारी बसवून ती गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर गेली. तिसरा गिअर पडला तेव्हा हातात काही जाणवलंसुद्धा नाही, नुसता आवाज बदलला, आणि गाडी पुढे सरकली. नवरा काहीतरी बोलत होता, तिला ऐकू येत नव्हतं. सहा-सात मैल ती तशीच गेली. कोणाचंही वाईट चिंतलं नाही असे त्या महिन्यातले तेवढेच सहा-सात मैल. परतताना तिने जवळजवळ ठरवलं होतं, की ठेवायची.

आईला दाखवायला म्हणून दुसऱ्या दिवशी तिने आईला दुकानात आणलं. आई चौऱ्याहत्तरची, गुडघ्यांनी अधू, बोलायला इतकी मऊ, की शेजारपाजारच्या बायका तिला गाय म्हणत. आईने गाडीला हात लावला नाही. बाकावर बसून बराच वेळ नुसती बघत राहिली.

"बस ना आत," मुलगी म्हणाली. "बाबांनी केलेला गिअर अजून लोण्यासारखा पडतो."

"अठरा वर्षं ते हिच्यापाशी होते," आई म्हणाली. "नऊ वर्षं हिच्यामुळे स्टुलावर. माझ्या वाट्याला काय आलं, सांग." मग तिने विचारलं, "यात त्यांचं किती आहे?"

"मोजलं नाही. पुष्कळ."

"तो काय म्हणाला होता त्या दिवशी? की ह्यांनी अस्सल काढून डबडं बसवलं."

"हो."

"मग डबडं आपलं आहे. ते काढून घे. अस्सल त्याचं त्याला परत दे, सगळ्यांसमोर." आई पदराने हात पुसत उठली. तिचा आवाज जराही वर गेला नव्हता. "आणि मला ही पुन्हा दाखवू नकोस."

*

काढायला अकरा दिवस लागले. बाईने इंजिन उतरवलं, गिअरबॉक्स उघडला, एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन टिंबं शोधली. दारांच्या बिजागऱ्यांच्या पिना, हँडब्रेकचं दातेरी चाक, ब्रेकचे पिस्टन, एक्सिलरेटरचा दांडा, वायपरची पितळी कडी. पन्नासच्या वर भाग निघाले. बाकावर जुन्या चादरीवर ते ओळीने मांडले होते; बाजारातल्या कुठल्याही माणसाने ते भंगार म्हणून उचलले असते. तिला ते एकेक ओळखू येत होते. काही तर तिने लहानपणी फडक्याने पुसलेले होते.

सातव्या दिवशी चष्मेवाला आला. गाडी बाईनेच घेतली, हे त्याच्या कानावर गेलं होतं. तो दारातच उभा राहिला. चेसिस उघडी, दोन लोखंडी घोड्यांवर ठेवलेली, आणि खिडकीतला उजेड नेमका डाव्या बाजूवर पडला होता. वेल्डिंगच्या आसपासचा रंग तिने घासून काढला होता. खाली लोखंड सलग, चकचकीत.

"तडा कुठे आहे?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "नव्हताच."

मग तिने त्याला सगळं सांगितलं, वडिलांचं, साहेबांचं, काही लपवलं नाही. चष्मेवाल्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. भला माणूस होता, मध्ये तोडून बोलला नाही.

"तुमच्यावर अन्याय झाला, मान्य," तो म्हणाला. "पण मी काय केलं होतं तुमचं?"

तुमच्यासाठी दुसरी गाडी शोधून देते, तिची डागडुजी फुकट करीन, असं ती म्हणाली. त्याने नको म्हटलं. तुम्ही 'घ्या' म्हणालात तरी आता मला खालून वाकून बघावं लागेल, म्हणाला, आणि गेला. ते शब्द तिला टोच्यासारखे लागले. तासभर तिच्याने कामाला हात लावला गेला नाही. पण गाडी जोडून त्याला द्यावी, असंही तिला वाटलं नाही. आठव्या दिवशी तिने गिअरबॉक्सचं उरलेलं काम पुरं केलं.

*

ज्या सकाळी साहेबांच्या बंगल्यातून सामान निघायचं होतं, त्या सकाळी बाईने टो-ट्रक बोलावला. इंजिनाचे, गिअरचे, ब्रेकचे अस्सल भाग तिने गाडीच्या दोन सीटांवर नीट रचले, हिरवा सांगाडा ट्रकवर चढवला आणि स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. अंगणात सोफे, कपाटं, गुंडाळलेले गालिचे पडले होते. सामान उचलणारे पाच-सहा हमाल होते, बंगला घेतलेलं जोडपं मोजमापाची टेप धरून उभं होतं, आणि साहेब एका खुर्चीवर बसून काठीने दिशा दाखवत होते. गाडी खाली उतरताना बघून ते उठले. दारं पिनांशिवाय नुसती टेकवलेली होती, त्यातलं एक जमिनीवर पडलं.

"हे काय आहे?"

"तुमची गाडी," बाई म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात, मिस्त्रींनी अस्सल काढून डबडं बसवलं. डबडं आमचं होतं, ते मी काढून घेतलं. हे जे उरलंय ते अस्सल. तुमचं तुम्हाला."

साहेबांना कळायला वेळ लागला. ते गाडीकडे बघत होते, मग तिच्याकडे, मग पुन्हा गाडीकडे. नंतर त्यांचा चेहरा हळूहळू ढिला पडला.

"तू मिस्त्रीची मुलगी."

"आडनाव वाचलंत की सहीच्या वेळी."

"त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही," साहेब म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. "माणूस बाहेरगावचा होता, नावाजलेला. मी काय सांगणार होतो त्याला?"

"त्या दिवशी नाही सुचलं. नंतर एकोणतीस वर्षं होती."

ती खुर्चीजवळ गेली.

"मला सांगू नका. मला माहीत आहे. यांना सांगा."

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. बंगला घेतलेली बाई नवऱ्याच्या दंडाला धरून उभी होती. साहेब म्हणाले, "मिस्त्रीने चोरी केली नव्हती."

हमालांपैकी एकाने दुसऱ्याला हळूच विचारलं, "कोण मिस्त्री?" दुसऱ्याने खांदे उडवले आणि कपाटाची कड उचलली.

एवढा महिना ती ज्या वाक्यासाठी जगली होती, ते वाक्य अशा माणसांच्या कानावर पडलं होतं, ज्यांना त्याचं काहीच नव्हतं. ज्यांनी आरोप ऐकला ते इथे नव्हतेच.

"चला," ती साहेबांना म्हणाली. "गॅरेजच्या गल्लीत."

ते नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं, आणि नाही म्हटलं असतं तर तिने काय केलं असतं देव जाणे. पण ते उठले. टो-ट्रकच्या पुढच्या सीटवर ती, मध्ये काठी धरलेले साहेब, आणि काय चाललंय ते न समजलेला ड्रायव्हर, अशी ती वरात बाजारातून निघाली.

त्या दिवशी अंगणात हजर असलेल्यांपैकी गल्लीत आता एकच उरला होता, रेडिएटरवाला. बाकीचे मेले होते किंवा मुलांकडे निघून गेले होते. रेडिएटरवाला मिस्त्रींचा जिवलग, दोघं एका ताटात जेवलेले. आरोपानंतर सगळ्यांत आधी दुकानाचं दार त्यानेच लावून घेतलं होतं. बाईने त्याच्यावर राग धरला नव्हता. त्याला तो आरोप खरा वाटला असणार, त्याची फसवणूक झाली असणार, असं ती आयुष्यभर धरून चालली होती. त्याचं काम ती आजही करत होती, रेडिएटरच्या तांब्याच्या नळ्या तोंडं कातायला दर सोमवारी तिच्याकडे यायच्या.

तो दुकानाच्या तोंडाशी बसून एका रेडिएटरला कथलाचा डाग देत होता. साहेब उतरले, काठी टेकत त्याच्यापुढे गेले आणि मघाचंच वाक्य म्हणाले, या वेळी जरा मोठ्याने. मिस्त्रीने चोरी केली नव्हती, भाग झिजले होते, मला माहीत होतं.

रेडिएटरवाल्याने डाग पुरा केला. तो गार व्हायची वाट बघितली. मग मान वर करून आधी साहेबांकडे आणि मग बाईकडे बघितलं.

"माहीत होतं की," तो म्हणाला. "आम्हा सगळ्यांना तेव्हाच माहीत होतं. झिजलेले भाग मिस्त्रीने माझ्याच दुकानात आणून दाखवले होते. पण कारखान्याच्या गाड्या याच गल्लीत यायच्या, बाई. बोलणार कोण?"

साहेबांनी काठीची पकड बदलली. बाईने ड्रायव्हरला त्यांना फ्लॅटवर सोडायला सांगितलं आणि ती चालत घरी गेली.

*

हिरवा सांगाडा बंगल्याच्या अंगणात चार दिवस पडून होता. नव्या मालकांनी पाचव्या दिवशी भंगारवाला बोलावला. साहेब त्यानंतर दोन वर्षं जगले, फ्लॅटबाहेर फारसे दिसले नाहीत. गाड्यांच्या शौकिनांना चष्मेवाल्याकडून सगळं कळलं. काहींनी बाईला शाबासकी दिली, पण गाडी बघायला बोलावणं जवळजवळ बंद झालं. तिने त्याबद्दल तक्रार केली नाही. तड्याचं खोटं आपल्याला महागात पडायला हवं होतं आणि पडलं, असं ती नवऱ्याला म्हणाली. बाकी कशाचा पस्तावा तिला झाला नाही. झाला असता तर नवऱ्याला बरं वाटलं असतं.

आईने त्या दिवशी घरात पाऊल टाकताच विचारलं होतं, "बोलला?"

"बोलला." मग तिने रेडिएटरवाल्याचं सांगितलं. आई ऐकत असताना शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"त्याच्या बायकोला मी दोन बाळंतपणांत रांधून घातलं होतं," आई म्हणाली. मग टरफलं गोळा करत म्हणाली, "साहेब परका तरी होता."

सोमवारी रेडिएटरवाल्याकडून नळ्या आल्या. टर्नरबाईने गठ्ठा सोडला नाही, तसाच परत पाठवला. पुढच्या सोमवारी पुन्हा आल्या, पुन्हा परत गेल्या. त्या गावात ते काम दुसरं कोणी करत नव्हतं. तिसऱ्या सोमवारी म्हातारा स्वतः गठ्ठा काखेत धरून पायरीपर्यंत आला. लेथ चालू होता. तिने त्याच्याकडे बघितलं, लेथ बंद केला नाही, आणि तो थोडा वेळ तिथे उभा राहून गठ्ठा घेऊन परत गेला.